साखर कंपनीचा मुख्य वित्त अधिकारी नेमके काय करतो?

पुण्यातील एका लेखापरीक्षण संस्थेत काही वर्षे काम केलेल्या एका तरुण सनदी लेखापालाचा प्रश्न आहे. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातील, शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या एका खाजगी साखर कंपनीच्या वित्त विभागात त्यांना दुय्यम पदासाठी बोलावणे आले आहे आणि काही वर्षांनी सीएफओचे, म्हणजे मुख्य वित्त अधिकाऱ्याचे, पद मिळण्याची शक्यता आहे. सीएफओ दिवसभर करतो तरी काय, आणि हे काम हिशेब लिहिण्या-तपासण्याहून खरोखर वेगळे आहे का, असे त्यांनी विचारले आहे. या उद्योगाच्या वित्त विभागात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि सीएफओ या नात्याने ताळेबंदावर सह्याही केल्या आहेत, त्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

हिशेब हा या कामाचा पाया आहे, परंतु काम त्याच्या पुढे सुरू होते. झालेल्या व्यवहारांची नोंद बरोबर आहे की नाही हे लेखापाल पाहतो. सीएफओला मात्र येत्या काही महिन्यांत नेमक्या कोणत्या तारखेला, किती रुपये कमी पडणार आहेत, हे इतर सर्वांच्या आधी कळावे लागते आणि त्यावर उपाय करता येईल इतक्या आधी ते संचालक मंडळाला आकड्यासह सांगावे लागते. साखर उद्योगात हे विशेष अवघड आहे, कारण कच्च्या मालाचे पैसे कायद्याने दोन आठवड्यांत द्यायचे असतात आणि त्यापासून बनलेला माल विकायला वर्ष लागते.

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस गाळपाला आल्यापासून १४ दिवसांच्या आत शेतकऱ्याला एफआरपीप्रमाणे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या रास्त व किफायतशीर दराप्रमाणे, रक्कम द्यावी लागते. विलंब झाल्यास त्यावर वार्षिक १५ टक्के व्याज लागते आणि थकबाकी राहिल्यास पुण्याच्या साखर संकुलातून आयुक्त महसुली वसुलीचा, म्हणजे आरआरसीचा, आदेश काढू शकतात. पुढच्या हंगामाचा गाळप परवानाही थकबाकीमुळे अडतो. याउलट साखर मनाला येईल तेव्हा विकता येत नाही. २०१८ पासून प्रत्येक कारखान्याने महिन्याला किती साखर विकायची याचा कोटा केंद्र सरकार ठरवते. म्हणजे देणे पंधरवड्याचे आणि येणे बारा महिन्यांचे. मधली दरी बँकेच्या कर्जाने भरून काढायची असते, आणि ते कर्ज किती मिळेल हे ठरवणे कारखान्याच्या हातात नसते.

हे एका टनाच्या हिशेबाने पाहू. उतारा म्हणजे उसाच्या वजनातून मिळणाऱ्या साखरेची टक्केवारी. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये अधिक मिळतात. उतारा ११ टक्के धरला तर हा दर क्विंटलला सुमारे ३८१ रुपये, म्हणजे टनाला ३,८१० रुपये होतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च यातूनच वजा होतो, परंतु तो तोडणी मजुरांच्या मुकादमाला आणि वाहतूकदाराला द्यावाच लागत असल्याने कंपनीच्या दृष्टीने बाहेर जाणारी रक्कम तेवढीच राहते. या एका टनातून ११० किलो साखर मिळते. समजा, बँकेने तारणासाठी साखरेचे मूल्यांकन क्विंटलला ३,५०० रुपये धरले आणि १५ टक्के दुरावा ठेवला, म्हणजे मूल्याच्या तेवढ्या भागावर कर्ज दिले नाही, तर क्विंटलला २,९७५ रुपये आणि आपल्या टनामागे सुमारे ३,२७३ रुपये मालतारण कर्ज मिळते. येथेच टनामागे ५३७ रुपये कमी पडले. दररोज ६,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्याला ही तूट पंधरवड्याला सुमारे ४ कोटी ८३ लाख रुपयांची होते आणि त्यात कामगारांचे पगार, रसायने, बारदाना, व्याज यांपैकी काहीही धरलेले नाही. शिवाय बँक आधीच्या कर्जांच्या हप्त्यांसाठी पोत्यामागे ठराविक रक्कम टॅगिंग म्हणून कापून घेते, ती वेगळीच.

मळी, बगॅस (उसाचे चिपाड), सहवीजनिर्मिती आणि इथेनॉल यांचे पैसे ही तूट भरून काढतात. तेल कंपन्या इथेनॉलचे पैसे साधारण तीन आठवड्यांत देत असल्यामुळे गेल्या काही वर्षांत अनेक कारखान्यांच्या रोख प्रवाहाचा आकारच बदलला. तरीही ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर अचानक बंदी घातली, आठवडाभरात ती मर्यादित प्रमाणात शिथिल केली आणि पुढच्या वर्षी निर्बंध उठवले. हंगाम ऐन रंगात असताना ज्यांचा अर्धा रोख अंदाज त्या इथेनॉलवर उभा होता, त्यांना तो रातोरात पुन्हा मांडावा लागला. अशा प्रसंगी सीएफओच्या मेजावर दुसरा अंदाज तयार असला पाहिजे. संकट आल्यावर आकडेमोड सुरू करणाऱ्याला बँक वेळ देत नाही.

तारणातील माल आणि त्यावरील कर्ज यांतील अंतर अपुरे पडले की त्याला अपुरा दुरावा किंवा रोजच्या बोलण्यात ‘शॉर्ट मार्जिन’ म्हणतात. माझ्या मते कारखान्याचे आरोग्य समजण्यासाठी नफ्यापेक्षा हा आकडा अधिक बोलका आहे. नफा मार्चअखेरच्या साठ्याचे मूल्यांकन थोडे इकडे-तिकडे केल्याने फिरू शकतो. गोदामातली पोती मात्र मोजता येतात. साखरेचा बाजारभाव पडला की मूल्यांकन घसरते, मूल्यांकन घसरले की काल पुरेसे असलेले तारण आज अपुरे ठरते, आणि बँकेचा अधिकारी फोनवर फक्त इतकेच विचारतो की फरक कधी भरणार. किमान विक्री दराचा आधार किती आहे हेही पाहावे. २०१८-१९ मध्ये १० टक्के उताऱ्याला २७५ रुपये असलेली एफआरपी २०२५-२६ मध्ये ३५५ रुपयांवर गेली, तर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरलेला साखरेचा किमान विक्री दर त्यानंतर अनेक वर्षे तसाच राहिला.

आता दिवसाविषयी. हंगामात सीएफओच्या दिवसाची सुरुवात बँकेच्या शिलकीने होत नाही, ती दैनिक गाळप अहवालाने होते. काल किती टन गाळप झाले, उतारा किती आला, कारखाना किती तास आणि कशामुळे बंद होता, किती पोती भरली, या चार गोष्टी वाचून पंधरवड्याचे ऊस बिल आणि त्यासमोरची तारणक्षमता यांचा अंदाज रोज दुरुस्त करावा लागतो. कार्यालयात वाढलेल्या वित्त अधिकाऱ्याला ही सवय लागायला वेळ लागतो. उतारा अर्ध्या टक्क्याने घटला, हे वाक्य प्रयोगशाळेतील माणसाला तांत्रिक वाटते. सीएफओला त्याच वाक्यात टनामागे पाच किलो साखर कमी झालेली दिसते. किलोला ३८ रुपये धरले तर टनामागे १९० रुपये आणि आठ लाख टनांच्या हंगामाला १५ कोटी २० लाख रुपये गेले. त्यातून एफआरपी मागील हंगामाच्या उताऱ्यावर काढण्याची पद्धत असल्याने, अवकाळी पावसाने या वर्षीचा उतारा पडला तरी उसाचा दर कमी होत नाही. राज्य सरकारने २०२२ मध्ये चालू हंगामाच्या उताऱ्यावर दोन टप्प्यांत एफआरपी देण्याचा निर्णय काढला होता, परंतु मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. शेतकऱ्याच्या बाजूने पाहता हा निकाल योग्यच वाटतो, कारण पैसे एकरकमी मिळण्याची हमी हाच ऊस नियंत्रण आदेशाचा गाभा आहे. वित्त विभागाने मात्र आपली जोखीम त्याप्रमाणे पुन्हा मोजून घ्यावी.

कोल्हापूर-सांगलीत एफआरपीवरच गोष्ट थांबत नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत त्याहून अधिक पहिल्या उचलीची, म्हणजे ऊस बिलाच्या पहिल्या हप्त्याची, मागणी होते, वाहने अडवली जातात, शेजारचा कारखाना शंभर रुपये जास्त जाहीर करतो आणि आपल्या कार्यक्षेत्रातील ऊस तिकडे जाऊ लागतो. त्या रात्री कार्यकारी संचालक जेव्हा विचारतात की आपण आणखी किती देऊ शकतो, तेव्हा ‘परवडणार नाही’ हे उत्तर निरुपयोगी असते. इतके रुपये दिले तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्याचे बिल इतके दिवस लांबेल, इतके दिले तर देखभालीचा अमुक खर्च पुढे ढकलावा लागेल, आणि ऊसच आला नाही तर स्थिर खर्चाचा टनामागील भार इतका वाढेल, अशी तीन उत्तरे कागदावर तयार असावी लागतात. निर्णय त्यांचा असतो. आकड्यांची जबाबदारी आपली असते.

साखर विक्रीतही असाच संवाद रोज घडतो. भाव आणखी चढेल म्हणून थांबावे असे प्रत्येक विक्री समितीत कोणाला तरी वाटतेच. अशा वेळी एकच आकडा समोर ठेवावा: क्विंटलला ३,८०० रुपयांचा माल साडेदहा टक्के व्याजाने धरून ठेवला, तर महिन्याला सुमारे ३३ रुपये केवळ व्याजात जातात. महिन्याभरात भाव त्याहून अधिक वाढण्याचे कारण कोणी सांगू शकत असेल तर थांबावे, अन्यथा त्या दिवशीच्या निविदेला माल द्यावा. महिन्याचा कोटा पडून राहण्याची जोखीम त्याशिवाय असते.

अडचणीची खरी जागा तोडणी-वाहतुकीच्या उचलीत, म्हणजे त्यासाठी दिलेल्या आगाऊ रकमेत, आहे, आणि लेखापरीक्षक म्हणून तुम्ही ती बाहेरून पाहिलीही असेल. हंगामाआधी, पावसाळ्यातच, मुकादमांना कोयत्यांच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्यांच्या, संख्येप्रमाणे उचल द्यावी लागते. ही रक्कम बऱ्याचदा वाहतूकदाराच्या नावावर बँकेचे कर्ज काढून दिली जाते आणि त्याला हमी कारखान्याची असते. बीड किंवा आसपासच्या जिल्ह्यांतून टोळी ठरल्याप्रमाणे आली तर ती उचल कमिशन आणि बिलातून फिटते. टोळी आलीच नाही, किंवा दुसऱ्याच कारखान्यावर गेली, तर बुडालेले पैसे कोणाच्या नावावर दाखवायचे, हा प्रश्न मार्चमध्ये समोर येतो. शेतकी विभाग म्हणतो की पुढच्या हंगामात वसूल होईल. व्यवस्थापनालाही तसेच ऐकायला आवडते. अनुभव असा आहे की एक हंगाम उलटला की वसुलीची शक्यता झपाट्याने घटते आणि दुसऱ्या हंगामानंतर उरतात ते न्यायालयातील खटले. अशा येण्यांसाठी अपेक्षित तोट्याची तरतूद करणे लेखामानकांनुसार बंधनकारक आहे आणि दिलेल्या हमीचे प्रकटीकरणही करावे लागते. तरतूद केली की नफा घटतो, नफा घटला की बँकेचे करारातील गुणोत्तर बिघडते, आणि मग सीएफओला दोन-तीन दिवस खोलीबाहेर पडणे अवघड होते. या एका आकड्यावर सीएफओ ठाम राहतो की नाही, यावरून कंपनीत त्याचे स्थान काय आहे ते ओळखता येते.

कायद्याने हे पद नुसते शोभेचे ठेवलेले नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २०३ प्रमाणे प्रत्येक सूचिबद्ध कंपनीला पूर्णवेळ सीएफओ नेमावाच लागतो, आणि कलम १३४ नुसार वित्तीय पत्रकांवर त्याची सही असते. सेबीच्या नियमांनुसार निकालांत काहीही खोटे वा दिशाभूल करणारे नाही, असे सीईओ आणि सीएफओ यांनी प्रत्येक तिमाहीला प्रमाणित करायचे असते. वार्षिक प्रमाणपत्रात तर अंतर्गत नियंत्रणांची जबाबदारी आपली आहे आणि त्यातील उणिवा लेखापरीक्षकांना व लेखापरीक्षण समितीला सांगितल्या आहेत, असे लिहून द्यावे लागते. सत्यम कॉम्प्युटर्सचा घोटाळा ७ जानेवारी २००९ रोजी संस्थापकाच्या पत्राने उघड झाला, परंतु एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले त्यांत तत्कालीन सीएफओही होते. तेथे बँकेत नसलेली रक्कम ताळेबंदात होती. साखर कंपनीत तशी जागा गोदामाची असते. म्हणून मार्चअखेरची पोती केवळ भांडारपालाच्या नोंदीवरून मान्य करू नयेत. थप्प्या स्वतः उभे राहून मोजून घ्याव्यात आणि तो आकडा उत्पादनाच्या आरटी-८ सी अहवालाशी, जीएसटी विवरणपत्रांतील विक्रीशी आणि बँकेला दिलेल्या साठापत्रकाशी ताडून पाहावा. चारही ठिकाणी एकच आकडा येत नसेल तर फरकाचे कारण लेखी असावे.

वर्षाचे वेळापत्रक थोडक्यात सांगतो, कारण ते नियमपुस्तकात सापडते. तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करायचे असतात. त्यामुळे १४ नोव्हेंबरची मुदत नेमकी मोळी टाकण्याच्या, म्हणजे गाळप सुरू करण्याच्या, गडबडीत येते आणि १४ फेब्रुवारीची मुदत गाळपाच्या ऐन भरात. टीडीएस ७ तारखेला, जीएसटीचे ३बी विवरणपत्र साधारण २० तारखेला, अग्रिम कराचे चार हप्ते. हे काम चांगला दुय्यम अधिकारी सांभाळतो आणि तुमच्याकडे सुरुवातीला तेच येईल. एप्रिल २०२३ पासून लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची न पुसता येणारी नोंद राहणे सक्तीचे झाले आहे, तेव्हा वजनकाट्याची प्रणाली आणि हिशेबाची प्रणाली यांच्यामधील हाताने भरल्या जाणाऱ्या फायली आधी शोधून काढाव्यात. हंगामाबाहेरच्या दुरुस्तीच्या काळात लहान वर्कशॉपची बिले तुंबतात. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत न दिल्यास, प्रत्यक्ष दिल्या जाईपर्यंत त्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही. साखर कंपनीत बंद हंगामातच रोख सर्वांत कमी असते, त्यामुळे ही तरतूद येथे अधिक बोचते.

भांडवली बाजाराला हा उद्योग समजावून सांगणे हेही सीएफओचेच काम आहे. ३१ मार्चला साखरेचा साठा आणि त्यावरचे कर्ज दोन्ही जवळजवळ शिखरावर असतात. ज्याने फक्त तो ताळेबंद पाहिला त्याला कंपनी कर्जात बुडालेली वाटते, तर जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत कारखाना बंद असताना दुरुस्ती व पगाराचे खर्च येतात आणि ती तिमाही कमकुवत दिसते. गुंतवणूकदारांच्या बैठकीत दर वर्षी हेच प्रश्न येतात आणि दर वर्षी तितक्याच शांतपणे उत्तर द्यावे लागते. त्यात एक मर्यादा पाळावी: साखरेचे किंवा इथेनॉलचे भाव कुठे जातील याविषयी सीएफओने भाकीत करू नये. बँकेचे कर्ज थकून ३० दिवस उलटले, तर सूचिबद्ध कंपनीला ते शेअर बाजाराला २४ तासांच्या आत कळवावे लागते. त्या दिवशी आधीची सारी आशावादी विधाने लोक काढून वाचतात.

तुम्ही काय शिकावे, याविषयी. कर आणि लेखामानके तुम्हाला येतातच. खर्च लेखांकन मात्र नव्याने शिकावे लागेल. साखर हा उद्योग परिव्यय (खर्च) लेखापरीक्षणाच्या कक्षेत येतो आणि मळी, बगॅस यांच्या मूल्यानुसार साखरेचा उत्पादन खर्च बदलतो. बँकेचे मंजुरीपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय लावा, विशेषतः टॅगिंग, दुरावा आणि मूल्यांकनाची पद्धत. पहिल्या हंगामात, ऊस टाकतात त्या गव्हाणीपासून साखर भरण्यापर्यंत कारखाना पायी फिरा, आणि शेतकी अधिकाऱ्याबरोबर निदान काही दिवस गावांत जा. नोंद झालेला ऊस आणि प्रत्यक्ष उभा असलेला ऊस यांतील फरक कार्यालयात बसून कळत नाही, आणि तुमचा सारा रोख अंदाज त्या नोंदीवर उभा असतो. पगार कोल्हापुरात मुंबईच्या मानाने कमी असेल आणि नोव्हेंबर ते मार्च सुट्टी जवळपास विसरावी लागेल, हे घरी आधीच बोलून ठेवलेले बरे.

प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी काही कागद पाहायला मागावेत. मागील तीन हंगामांत प्रत्येक पंधरवड्याचे ऊस बिल कोणत्या तारखेला अदा झाले, तोडणी-वाहतुकीच्या उचलींपैकी किती रक्कम दोन हंगामांहून जुनी आहे, आणि बँकेच्या ताज्या साठा लेखापरीक्षणात काय शेरे आहेत, एवढे समजले तर कंपनीची स्थिती तुम्ही स्वतःच सांगू शकाल. सीएफओ लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांशी कार्यकारी संचालकांच्या अनुपस्थितीत बोलू शकतो का, हेही मुलाखतीत स्पष्टपणे विचारावे. प्रश्न ऐकून समोरच्याला नवल वाटले तर तेही उत्तरच आहे. आधीच्या सीएफओंचे राजीनामे शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतील, कारण सूचिबद्ध कंपनीला ते पत्र कारणांसह सात दिवसांत जाहीर करावे लागते. त्यांत बहुधा वैयक्तिक कारण लिहिलेले असते, म्हणून मजकुरापेक्षा तारखा पाहाव्यात. थोड्या काळात दोन जण गेले असतील आणि दोघेही वार्षिक निकालाच्या तोंडावर गेले असतील, तर पगाराची बोलणी करण्याआधी त्या दोन वर्षांचे लेखापरीक्षकाचे अहवाल आणि त्यांतील उचलींविषयीच्या टिपा समोर घेऊन बसा.